राहिलेली खेप

गेल्या शनिवारी खारेपाटणच्या खाडीकाठी माझी चांगलीच जिरली. सात पाहुण्यांसमोर जिरली, तरी त्याचं वाईट वाटलं नाही... म्हणून इथे लिहितेय.

मी मालवणची. जुन्या व्यापारी वाटेवरच्या गावांची छोटी टूर नेते. तीन दिवस, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि सात-आठ माणसं. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा तो खारेपाटणला, तिथून खाडीने विजयदुर्गाला आणि पुढे समुद्रात... असा सगळा माझा पाठ असतो. पाठच म्हणायचा, कारण मी तो घड्याळ लावून म्हणते.

सकाळी मालवणातून निघताना आमचे ड्रायव्हर आबा गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला असं मोठ्याने सांगणं घालतात आणि उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्या दिवशी पाहुण्यांनी मोबाइल काढून व्हिडिओ केले, हसत हसत होय म्हाराजाही म्हटलं. सांगलीच्या एक वहिनी तर आबांची नक्कलच करून दाखवत होत्या!

ग्रुपमध्ये मालवणचेच एक इनास काका होते, वय ब्याऐंशी. इथलाच माणूस पैसे भरून इथलीच टूर का करतोय, हे मला कोडंच होतं. शिवाय गुडघे दुखरे, चालणं हळू... तळेऱ्याला चहाला थांबलो तर गाडीत चढायला सगळ्यात शेवटी काकाच. खरं सांगते, मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता.

खारेपाटणला पोचलो आणि मी सुरू झाले. शिलाहारांपासून सुरुवात करून शेवटी माझं ठरलेलं वाक्य टाकलं, की खाडी गाळाने भरत गेली आणि शेकडो वर्षांपूर्वी हे बंदर संपलं.

"संपला खंय गो बाय?" काका मागून म्हणाले. "माझो बापूस हय मचवो हाडी..."

"काका, प्रश्न शेवटी घेऊया हं," मी म्हटलं. गोड आवाजात म्हटलं, पण अडवलंच त्यांना. आता आठवलं की कसंतरीच होतं.

प्रश्न शेवटीही घेतले नाहीत. विजयदुर्गचा सूर्यास्त गाठायचा होता, म्हणून मी सगळ्यांना गाडीकडे पिटाळलं. इनास काका मात्र खाडीच्या काठावरून हलेनात. समोर पाणी कमी आणि चिखल जास्त दिसत होता. त्यांना भरतीचं पाणी चढलेलं बघायचं होतं, म्हणजे अजून दीड तास!

मी घड्याळ दाखवलं. आणि मग काकांनी जे सांगितलं, ते सगळ्यांनीच ऐकलं.

त्यांच्या वडिलांचा मचवा होता, म्हणजे शिडाची मालवाहू होडी. मालवणातून मीठ आणि कौलं भरून ते भरतीच्या पाण्याबरोबर इथवर चढायचे आणि घाटावरचा गूळ घेऊन ओहोटीबरोबर उतरायचे. त्यांचा सात वर्षांचा झील, म्हणजे मुलगा इनास, दर वेळी बंदरावर रडायचा... मलाही ने म्हणून. "पुढच्या खेपेक व्हरतलंय तुका," असं सांगून वडील गेले. खेप करून आले, पाऊस लागला आणि त्या पावसाळ्यात वडील टायफॉइडने वारले. मचवा विकून टाकला.

"भरतीचा पाणी बघूचा आसा गो माका," काका म्हणाले. "मचवो भरतीरच येय. चिखलात कसो येतलो?"

मी सांगलीच्या वहिनींकडे बघितलं, कारण सूर्यास्त सूर्यास्त म्हणून सकाळपासून त्यांनीच माझं डोकं खाल्लं होतं. वहिनी गाडीतून उतरल्या, आपली घडीची खुर्ची काढली आणि काकांसाठी काठावर मांडून दिली.

आम्ही सगळे थांबलो. पाणी हळूहळू चढत गेलं. चिखल झाकला गेला, मग काठाचे दगड ओले झाले... आणि ती मरतुकडी वाटणारी खाडी अशी काही भरली की मीसुद्धा बघत राहिले. इतक्या टूर केल्या, पण भरतीला मी तिथे कधी थांबलेच नव्हते.

तेवढ्यात आबा गाडीतून परतीसाठी राखलेला नारळ घेऊन आले. काकांना वडिलांचं नाव विचारलं. पाण्याकडे तोंड करून, टोपी सारखी करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" या वेळी मोबाइल कुणीच काढला नाही.

"मालवणचो सायमन तांडेल तुझ्या ह्या खाडयेत मचवो घेवन येय होतो..."

"होय म्हाराजा!"

"पुढच्या खेपेक झीलाक हाडतलंय म्हणान बोल्लो, पण ती खेप राव्हली. आज त्येचो झील आपल्या पायान इलेलो आसा. बापाशीची ती खेप पावली, असा मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सांगलीच्या वहिनींचा आवाज सगळ्यात मोठा होता, आणि भरलेला.

आमचं म्हणून झालं... आणि मग मागाहून, एकट्याचा, अगदी बारीक आवाज आला. "होय म्हाराजा." काका खुर्चीवरून उठून पाण्यापर्यंत गेले होते. त्यांचा हात पाण्यात होता. मला रडू आवरलं नाही, आणि ते मी लपवलंही नाही.

विजयदुर्गाला पोचलो तेव्हा सूर्य कधीच बुडाला होता. पण त्याची तक्रार कुणीच केली नाही. काका खिडकीशी बसून अख्खा रस्ता वडिलांच्या गोष्टी सांगत होते आणि मी माझी वही मांडीवर घेऊन लिहून घेत होते.

काकांचे आभार मी मानलेच, पण ते पुरेसे नाहीत. म्हणून माझ्या वहीतल्या खारेपाटणच्या पानावरचं ते 'शेकडो वर्षांपूर्वी' मी खोडून टाकलंय. आता पुढच्या ग्रुपला तिथे भरतीपर्यंत थांबवणार आहे आणि सांगणार आहे... या बंदरात मालवणची शेवटची खेप एका शनिवारी दुपारी आली, मी तिथेच होते.