ताईची वरात आणि सीटमागचं इंजिन

आमच्या घरात पत्रकं आधी आली, फर्निचर नंतर. हुंड्याविरुद्धची, मानपानाविरुद्धची. त्यांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. म्हणून ताईनं "मला वरात पाहिजे" म्हटल्यावर बाबा चमकले.

"नवरदेव वाजतगाजत येणार आणि मी मागच्या दारानं हॉलात? हे बसतं का तुमच्या पत्रकात?"

मला तिचं म्हणणं पुरतं पटलं. गाडी मीच चालवणार, हेही मी तिथंच ठरवून टाकलं.

गाडी दिली बाबांच्या खुलताबादच्या मित्रानं, आमच्या चाचांनी. जुनी जपानी गाडी, दोनच सीटा, वर छत नाही, आणि इतकी बुटकी की रिक्षावाल्याशीही मान वर करून बोलावं लागतं. इंजिन पुढं नाही, मागंही नाही. मधोमध, बसणाऱ्याच्या पाठीशी. पुढं नुसती स्टेपनी.

लग्नाच्या दिवशी मी ताईला तयार करत होते तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी गाडी सजवली. बॉनेट तापतं, फुलं सुकतील, म्हणून त्यांनी पुढचा भाग मोकळा ठेवला आणि सगळा झेंडू मागं लावला. खाली प्लास्टिक, वर फुलांची जाड चादर, बाजूच्या हवेच्या जाळ्यांवरूनही दोरीनं करकचून आवळलेली. मला ते फार सुंदर दिसलं.

वरात निघाली. पुढं डीजे, भोवती नाचणाऱ्या बायका, गाडी मुंगीच्या चालीनं. चौकाच्या अलीकडं माझी पाठ भाजायला लागली. मग वास आला, जळक्या प्लास्टिकचा. आरशात पाहिलं तर झेंडूतून धूर निघत होता.

तेव्हा लक्षात आलं, फुलं थेट इंजिनावरच बांधलीत. पेट्रोलची टाकीही तिथंच कुठंतरी असणार.

मी गाडी बंद करून ओरडले, "बाजूला व्हा! दार उघडू द्या!"

"अगं बया, धुराची मशीन पण लावली!" मावशी हरखून म्हणाली.

"लई भारी! अजून सोड गं!"

दोन्ही दारांना बायका चिकटून नाचत होत्या. मी दार ढकललं, त्यांनी कमरेनं परत लोटलं. डीजेपुढं माझा आवाज माझ्याच कानाला येईना. ताईचा शालू सीटच्या मागं लोंबत होता, धुराच्या अगदी जवळ.

"ताई, वरून! काचेवरून पुढं उतर!"

तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. शालू कमरेपर्यंत गोळा केला, सीटवर उभी राहिली आणि काच ओलांडून बॉनेटवर गेली. शिट्ट्या पडल्या, मोबाईल वर झाले. मी मागं वळून दोरी ओढायला लागले. प्लास्टिक वितळून बोटांना चिकटलं. तेवढ्यात गर्दी चिरत चाचा आले.

"या अल्ला, ये क्या बांध दिया! पानी लाओ!"

त्यांनी चादर हिसडून रस्त्यावर फेकली. खाली पडल्यावर तिनं पेट घेतला, तेव्हा कुठं डीजे थांबला.

ताई बॉनेटवर तशीच बसून होती.

"रिक्षा बोलावू?" मी विचारलं.

"नको. चालत जाऊ. समोरच्या दारानंच. आणि हात सोडू नकोस माझा."

हॉलापर्यंत मी तो सोडला नाही. बोटांना चिकटलेलं प्लास्टिक तिथं पोचल्यावरच खरवडलं.