सालीखालची बाळंतीण

लाकडाच्या वखारीत ओंडक्यांची साल सोलण्यात दोघी जावांपैकी थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. करवतीनं बोटाचं एक पेर नेलं, तेव्हाही ती हसत म्हणाली होती, "गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही गं." नवरा गेलेला, मूलबाळ नाही. धाकटीच्या शेजारची खोली आणि वखार, एवढाच तिचा संसार.

एकदा तिनं साल उचकटली, तर खाली तांबूस गोम अंड्यांच्या पुंजक्याला विळखा घालून पडलेली. किडे गोळा करायला येणारे एक सर धावतच आले. गोम चिमट्यात धरून म्हणाले, "स्कोलोपोक्रिप्टॉप्स! या वंशाच्या बऱ्याच जाती आहेत. कुणाचे मागच्या पायांचे काटे वेगळे, कुणाचा रंग. पण डोळे एकीलाही नाहीत."

"मग अंडी कशी सांभाळते?" थोरलीनं विचारलं.

"स्पर्शानं. चाटून साफ ठेवते, नाहीतर बुरशी लागते."

सरांनी आईला बाटलीत घातलं. अंडी मागेच राहिली. थोरलीनं ती सालीसकट घरी नेली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" धाकटी ओरडली. थोरली नुसती हसली. खरी गोम पुढेच होती. तिनं खिडक्यांना जाड कापडं लावली, कामावर खाडे करू लागली. धाकटीनं दाराशी ठेवलेलं ताट तसंच्या तसं परत येई.

शेवटी एका भर दुपारी धाकटीनं दार ढकललं. आत ओल्या लाकडाचा वास. थोरली जमिनीवर कुशीवर पडलेली, गुडघे हनुवटीशी, सालीभोवती अंगाचा विळखा. डोळे मिटलेले. जीभ सालीवरून सावकाश फिरत होती.

"ताई..." धाकटी दोन पावलं पुढे सरकली.

"उजेड आत घेऊ नकोस गं. आत्ताच निजलीत."

धाकटीनं वाकून पाहिलं. सालीवर नुसती सुकलेली टरफलं. तेवढ्यात थोरलीच्या बाहीखाली काहीतरी सरकलं. पांढुरकं, बारीक. दंडावरून मानेवर, मानेवरून केसांत. एक नव्हे, ओळच्या ओळ. थोरलीच्या चेहऱ्यावर मात्र लेकराला पाजून उठलेल्या बाईचं समाधान.

काही दिवसांनी ती कामावर आली, जणू काही घडलंच नव्हतं. "गेली आपापल्या वाटेनं," एवढंच म्हणाली.

आता ती डोळे मिटूनच साल सोलते. पातं कुठे चुकत नाही. मध्येच एखाद्या ओंडक्यावर तळहात टेकून थांबते आणि सांगते, "हा राहू दे. आत बाळंतीण आहे."

धाकटी तो ओंडका बाजूला लोटते. उघडून बघायची हिंमत तिला अजून झालेली नाही.