नावं लावलेले डबे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तरसालीच्या नाक्यावर स्कूटरचं पंक्चर काढून घेत होतो. पुतण्या निखिलचा आवाज नेहमीसारखाच होता. "काका, बाबा गेले. जेवून आडवे झाले होते, चहाला उठवायला गेलो तर…" एवढंच म्हणाला. मी विचारलं, "डॉक्टर येऊन गेले?" "येऊन गेले." पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली होती आणि बुडबुडे कुठून येतात ते मी बघत होतो. चाक बसवून होईपर्यंत मी तिथेच थांबलो. धावतपळत जाऊन करण्यासारखं आता काही राहिलेलं नव्हतं. या गोष्टीला सहा आठवडे झाले.

दादा, म्हणजे मधुसूदन, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागात त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, कारेलीबागेतल्या सोसायटीत घर बांधलं तेव्हा हौसेनं शेजारी गॅरेजही काढलं होतं. गाडी घ्यायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं. स्टिअरिंगला चढवायचं रेक्झिनचं कव्हरसुद्धा आणून ठेवलं होतं. गाडी काही आली नाही. आप्पा गेले, कव्हर खिळ्याला टांगलेलं राहिलं आणि गॅरेज दादाच्या ताब्यात गेलं. जुन्या सामानाच्या शुक्रवारी बाजारातून तो दर आठवड्याला काहीतरी घेऊन यायचा. बंद पडलेल्या पंख्याच्या मोटारी, स्टोव्हचे बर्नर, कुकरच्या शिट्ट्या, छत्र्यांच्या काड्या, सायकलींचे हब, मिक्सरची भांडी, शिवणयंत्रांची पायाशिवायची नुसती वरची डोकी. पुढे नव्वदच्या दशकात कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि पन्नाशी उलटताच दादा घरी बसला. तेव्हापासून तर त्याचा सगळा दिवस तिथेच जायचा. सोसायटीत कुणाचं काही बिघडलं की लोक दुकानात जायच्या आधी आमच्या फाटकाशी यायचे. वहिनींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "लग्न होऊन या घरात आल्यापासून या गॅरेजचं दार पुरतं उघडलेलं मी बघितलं नाही हो भाऊजी. अर्ध्यावर जाऊन कशाला तरी अडतंच."

मी बँकेत अधिकारी होतो. दादा घरी बसल्यावर काही वर्षांनी आमच्या शाखेत संगणक बसले आणि जुन्या कागदांची खोली रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते ठरलेल्या मुदतीआधी पुरं केलं. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. हे सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ त्या शाबासकीत आहे. मला वाटायला लागलं होतं, की काय ठेवावं आणि काय टाकावं हे आपल्याला कळतं.

त्याच पावसाळ्यात निखिलनं कर्ज काढून छोटी गाडी नोंदवली. आमच्या घराण्यातली पहिली. दादा आणि वहिनी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते, गणपती तिथेच करून येणार होते. निखिल माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, गाडी रस्त्यावर उभी करू का? गॅरेज असताना?" मी म्हणालो, "दादा यायच्या आत करून टाकू. त्याला आयतं मिळेल." मला खरोखरच वाटत होतं, की मी त्याच्यावर उपकार करतो आहे. दोन रविवार आम्ही खपलो. भंगारवाल्याचा टेम्पो दोनदा भरला. काही पत्र्याचे डबे उघडून बघितले तर आत स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा, आणि ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत असे तुकडे. कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही. मी डबे बंद करून तसेच टेम्पोत टाकले. नंतर भिंतींना चुना दिला. आप्पांचं ते स्टिअरिंगचं कव्हर तेवढं मी टाकलं नाही, धुऊन पुन्हा खिळ्याला लावलं. आठवणीची वस्तू म्हणून.

दादा-वहिनी स्टेशनवरून रिक्षानं आले तेव्हा गाडी आत उभी होती. वहिनी दारातच थबकल्या आणि हसायला लागल्या. दादानं गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. "छान आहे रंग," निखिलला म्हणाला. मग चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत उभा राहिला. मला विचारलं, "कुणाला दिलंस?" मी उत्साहानं सगळं सांगितलं. टेम्पो किती भरले तेही सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि आत जाऊन चपला काढल्या. मला ते समाधान वाटलं.

आठ दिवसांनी कोकिळाबेन आल्या. समोरच्या घरात राहायच्या. नवरा लवकर गेला होता, दोन मुलींना त्यांनी शिवणावर वाढवलं. त्यांचं मशीन सासूच्या वेळचं, फार जुन्या बनावटीचं. त्याला हल्लीसारखी गोल बॉबिन नसते, होडीच्या आकाराचं बोटभर लांब शटल असतं. ते आता कुठे मिळत नाही. त्या शटलचं टोक तुटलं होतं. कोकिळाबेननी ते रुमालात बांधून आणलं होतं. नवरात्र दहा दिवसांवर आलेलं. घरात चणिया-चोळीच्या ऑर्डरींचा ढीग. रुमाल सोडत त्या म्हणाल्या, "मधुभाई, संचो बंद पडलाय. तमारी पासे तो हशे ज." संचो म्हणजे मशीन; शटल तुमच्याकडे असेलच, असं त्यांचं म्हणणं.

त्या रविवारी मी जेवायला म्हणून तिथे गेलेलो होतो. दादानं माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. त्याच्या गॅरेजमध्ये तसल्या मशीनची, आत शटल असलेली दोन डोकी होती, ती त्यानं केवळ या एका घरासाठी सहा वर्षं सांभाळली होती, हे मला नंतर कळलं. उचलून टेम्पोत टाकताना ती मला फार जड लागली होती, हेही आठवलं. दादा कोकिळाबेनना म्हणाला, "हशे. बे दिवस आपो, दोनच दिवस. शोधावं लागेल." माझं नाव त्यानं घेतलं नाही.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "दादा, मी नवं मशीन घेऊन देतो त्यांना. उद्याच." तो पायात चपला घालत होता. "तिचा हात त्या मशीनवर बसलाय रे. दुसऱ्यावर बसायला दोन महिने लागतील. तुझ्याकडे स्कूटर आहे ना? चल."

भंगारवाल्यानं आमचा माल केव्हाच पुढे विकला होता. त्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं शहराबाहेरच्या एका वखारीचं. मी बँकेतून दोन दिवस रजा घेतली. वखारीवर पोचलो तेव्हा तिथे लोखंडाच्या टेकड्या होत्या आणि दोन माणसं घणानं ओतीव लोखंड फोडत होती. शिवणयंत्रांची डोकी फुटून भट्टीकडे रवाना झाली होती. मला वाटलं, संपलं. दादानं त्यांतल्या एकाला विचारलं, "फोडताना आतून जे बारीक सांडतं ते कुठे जातं?" त्या माणसानं पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. गुडघाभर ढीग होता, माती आणि लोखंड एकमेकांत मिसळलेलं.

दादा खाली बसला. जुन्या लाऊडस्पीकरचं एक चुंबक तिथेच पडलं होतं, ते दोरीला बांधून त्यानं मातीतून फिरवायला सुरुवात केली. खिळे, चुका, पत्र्याचे कपटे चिकटून यायचे. ते काढून बाजूला टाकायचे, पुन्हा फिरवायचं. मी पांढरा शर्ट घालून उभा होतो. अर्ध्या तासानं मीही बसलो. त्या ढिगात आमच्या गॅरेजमधल्या वस्तू मधूनमधून निघत होत्या आणि दादा त्या ओळखत होता. "हा सात नंबरच्या घरातल्या पंख्याचा बुश." "ही पंड्या आजोबांच्या चाकाच्या खुर्चीची खीळ, एकच होती." हे तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. वाटेत कुणी ओळखीचं भेटावं तसं बोलत होता. मी मात्र प्रत्येक वस्तूबरोबर मनातल्या मनात त्या त्या घरापर्यंत जाऊन येत होतो… आणि मला त्यांतल्या एकाही घराच्या गरजेची आधी कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शटल मिळालं. गंजलेलं, पण टोक शाबूत. दादानं ते शर्टाला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "बघ. एवढंसं असतं."

घरी येऊन त्यानं ते रॉकेलात भिजत घातलं, मग ओसरीवर बसून पॉलिश पेपरनं घासलं. गॅरेजमध्ये त्याचं काम करायचं टेबल उरलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कोकिळाबेनचं मशीन चालू झालं. मधल्या दिवसांत आठ चणिया-चोळ्यांचं कापड त्यांनी परत केलं होतं, गिऱ्हाइकांनी ते दुसरीकडे शिवून घेतलं. बाकीच्या सगळ्या वेळेत झाल्या. त्या आठांबद्दल मला वहिनींकडून कळलं.

दसरा झाल्यावर एका सकाळी मी दादाला विचारलं, "तू मला काहीच कसं बोलला नाहीस?" तो म्हणाला, "रागावलो होतो. पुण्याहून आलो त्या दिवशी तुझं तोंड बघू नये असं वाटलं होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "पण मी तरी कुठे काही लिहून ठेवलं होतं? सगळं माझ्या डोक्यात. तुला ते भंगारच दिसणार. उद्या मी मेलो असतो तर निखिलनंही हेच केलं असतं."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून गॅरेज पुन्हा लावलं. गाडी आतच राहिली, दादानं निखिलकडे फक्त एक भिंत मागितली. तिला फळ्या ठोकल्या. तेलाचे रिकामे डबे कापून, कडा ठोकून ओळीनं ठेवले. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे, माझं अक्षर चांगलं म्हणून. मी 'स्क्रू', 'वॉशर', 'स्प्रिंग' असं लिहायला लागलो तर दादानं कागद ओढून घेतला. "असं नको. कोणासाठी ते लिही." मग मी लिहिलं: कोकिळाबेन, संचो. सात नंबर, पंखा. पंड्या आजोबा, खुर्ची. वर मराठीत, खाली गुजरातीत. शुक्रवारी बाजारातून नवी वस्तू आली की दादा आधी माणसाचं नाव सांगायचा, मगच डबा मिळायचा. नाव सांगता आलं नाही तर वस्तू त्याच संध्याकाळी बाहेर. अशा कितीतरी वस्तू त्यानं आपल्या हातांनी टाकल्या. शेवटी खिळ्यावरचं आप्पांचं कव्हर काढलं. मी म्हणालो, "अरे, ते राहू दे." "कोणासाठी?" त्यानं विचारलं. निखिलच्या गाडीला ते बसत नव्हतं, हे त्यानं आधीच लावून बघितलं होतं. त्यानं ते घडी करून भंगाराच्या पोत्यात ठेवलं. हातात थोडा वेळ धरलं मात्र होतं.

पुढची दहा वर्षं ती भिंत मी बघत आलो. लोकांकडे पैसा आला, नव्या वस्तू आल्या. नवा मिक्सर उघडताच येत नाही, असं दादा सांगायचा. त्याला स्क्रूच नसतात. फाटकाशी येणारी माणसं कमी झाली. कुणी अमेरिकेला मुलाकडे गेलं, कुणी घर विकून फ्लॅटमध्ये गेलं, पंड्या आजोबा वारले. दादाला त्याचं दुःख झालेलं मी बघितलं नाही. माणूस गेलं की तो डबा खाली काढायचा, आतलं सामान कुणाच्या उपयोगाचं असेल तर त्याला देऊन यायचा, आणि चिठ्ठी खरवडून टाकायचा. वहिनी एकदा म्हणाल्या, "आधी यांच्या पसाऱ्याचा वैताग यायचा. आता रिकाम्या फळ्या बघवत नाहीत."

दादाच्या बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, कोकिळाबेन आल्या होत्या. त्यांना आता कमी दिसतं, शिवण सोडून बरीच वर्षं झाली. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं. त्या मागायला आल्या तेव्हा शटल घरात नव्हतं, ते मी भंगारात दिलं होतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. "मने तो खबर ज हती, भाई, मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही टेम्पो भरत होतात तेव्हा मी गॅलरीतून बघत होते. संच्याची डोकी जाताना पाहिली मी." मी विचारलं, "मग तुम्ही दादाकडे तसं का म्हणालात, की तुमच्याकडे असेलच?" "मधुभाई पुण्याला होते. त्यांना विचारून देता आहात की न विचारता, मला काय माहीत? विचारून दिली असतील तर शटल काढून ठेवलं असेल, म्हणून आले. त्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, हशे. मग मी काय बोलणार होते?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि वहिनींकडे वळल्या.

गेल्या रविवारी निखिल म्हणाला, "काका, बाबांचं गॅरेज एकदा आवरून घेऊ या." मी जुने कपडे घालून, चार रिकामी पोती घेऊन सकाळी लवकर पोचलो. दिवस जाईल असं धरून घरी जेवायला येणार नाही असंही सांगून आलो होतो. निखिलनं गाडी बाहेर काढली. आम्ही दार पुरतं उघडलं, ते कुठेही अडलं नाही.

भिंतीवर तीन डबे होते. दोन सोसायटीतल्या दोन घरांचे, ते निखिल तेव्हाच देऊन आला. तिसऱ्यावर वहिनींचं नाव होतं. त्यात त्यांच्या कुकरची शिट्टी, दोन रबरं, गॅसच्या शेगडीचं एक बटण आणि देवघरातल्या दिव्याची वात वर सरकवायची पितळी काडी होती. बाकी फळ्या पुसलेल्या होत्या. चुन्यात डब्यांच्या मागच्या जागा तेवढ्या अजून पांढऱ्या होत्या.

निखिलनं झाडू मारला. मी पोत्यांची घडी केली. पंधरा मिनिटंही लागली नसतील. तो डबा घेऊन मी आत गेलो तर वहिनी चहाचं आधण ठेवत होत्या. "इतक्यात झालंसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि डबा ओट्यावर त्यांच्या हाताशी येईल असा ठेवला.