गोळ्या दोघांनीही घ्यायच्या होत्या

मंडळी, कुंभकोणमहून लिहितेय. आपल्या या ई-मेल गटात असलं कुणी लिहीत नाही, पण आज माझी मती गुंग झालीय.

सकाळी थोरल्या भावाच्या, अण्णाच्या बायकोला दवाखान्यात नेलं. वहिनीला पाचवा महिना आहे. अंगावरून पिवळसर पाणी जाणं आणि खाज, हे तिसऱ्यांदा सुरू झालं. “देवळाच्या तळ्यात बुडी मारली, त्यानं असेल का?” तिनं डॉक्टरीणबाईंना तमिळमध्ये विचारलं.

त्या म्हणाल्या, “नाही. हा परजीवी जंतू आहे, नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो. बाळ दिवस भरण्याआधी होण्याचा धोका वाढतो. यजमानांनी गोळ्या घेतल्या का?”

वहिनीनं नकारार्थी मान हलवली. आधीच्या दोन्ही वेळा तिनं एकटीनंच घेतल्या होत्या.

बाहेर येऊन तिनं आपल्या गोळ्या घेतल्या आणि अण्णाच्या गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. “वन्सं, तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं तर माझ्यावरच संशय घेतील.”

जेवणं झाल्यावर मी अण्णाला सगळं सांगितलं. तो चिडला, “मला काही त्रास नाही!” पुरुषांना बहुधा जाणवतच नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. तेही सांगितलं. त्यानं माझ्यादेखत गोळ्या गिळल्या. मग हळूच विचारलं, “आधी कुणाला झाला असेल गं?”

हा जंतू महिनोन्महिने लपून राहतो, त्यामुळे ते कळणं कठीण, हेही बाईंनीच सांगितलेलं. मी तसंच बोलले.

तेव्हापासून तो माडीवर बसलाय आणि वहिनी खाली. औषध दोघांच्याही पोटात गेलंय. आता मी आधी कुणाजवळ जाऊन बसू?