सुईने पडलेला जवान

आमची बटालियन तेव्हा उत्तरेच्या सीमेवर होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट, राहणार ठाकुर्ली. लान्स नायक मिलिंद गमरे आमच्याच भागातला, कोपरीचा.

एके दिवशी सकाळी 1000 वाजता लसीकरण होतं. मिलिंदच्या दंडात मी सुई घातली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कपाळावर घाम.

"हवालदारसाब, कान बंद झालेत," म्हणाला आणि कोसळला.

दोघांनी त्याला काखेत धरून उभं केलं. हातपाय झटके देऊ लागले. मी ओरडलो, "सोडा त्याला! झोपवा! पाय वर!"

त्याचे बूट मी खांद्यावर घेतले. नाडी अगदी मंद. मिनिटभरात डोळे उघडले. कंपनी हवालदार मेजर हसला. "सुई से डर गया? ये लड़ेगा?" सगळी रांग हसली. त्या दिवसापासून मिलिंदचं नाव पडलं 'बेहोश'.

आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. त्यांनी मला समजावलं, ते मी आजही सांगतो. सुई, वेदना, उन्हात ताटकळणं, यांनी काहींची नाडी एकदम मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्त पायांत उतरतं, मेंदूला कमी पडतं. आडवं केलं की परत पोहोचतं. उभं धरून ठेवलं तर जिवावर बेतू शकतं. यात हिमतीचा काहीही संबंध नाही.

हे मी रांगेसमोर बोलायला हवं होतं. हवालदार मेजरची रँक बघून गप्प बसलो. माझा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

सात आठवड्यांनी, सकाळी 0615 ला, पेट्रोलवर, म्हणजे मिलिंद होता त्या गस्तीच्या तुकडीवर, फायर आला. रेडिओवर मिलिंदचा आवाज.

"दो कॅज्युअल्टी. एक को टूर्निकेट लगाया. दूसरे के पास जा रहा हूँ. ओव्हर."

आमच्याकडून उत्तर गेलं, "रुको. कव्हर फायर आ रहा है. ओव्हर."

"खून बहुत जा रहा है. ओव्हर."

पुढे काही नाही.

आम्ही 0640 ला पोहोचलो. पहिल्याचं रक्त टूर्निकेटच्या आवळपट्टीने थांबलेलं, दुसऱ्या जखमीच्या मांडीवर पट्टी घट्ट बांधलेली. मिलिंद त्याच्या अंगावर पालथा, गोळी मानेत. हात कोपरापर्यंत दुसऱ्यांच्या रक्ताने माखलेले. ते दोघे जवान आज जिवंत आहेत.

सुट्टीत कोपरीला त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. माझा मिलिंद घाबरट होता का? पलटणीतला एकजण आलेला. बोलला, रक्त बघून पडायचा."

डोकं सणकलं. मेलेल्याच्या घरी बसून, चहा पिऊन, हे सांगून गेला!

"आई, सुईने त्याला चक्कर यायची. त्याच्या शरीराचा धर्म तो. घाबरट आम्ही होतो."

"मग हसलात कशाला त्याला?"

 

लान्स नायक मिलिंद गमरे. वय सव्वीस. दुसऱ्या जखमीपर्यंत उघड्यावरून चाळीस मीटर सरपटत गेला.