नापास होण्याचा बेत

माझा नवरा आर्नहेममधल्या एका ऊर्जा कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. मागच्या वसंतात संचालकांनी त्याला विचारलं, विभागप्रमुख व्हायला आवडेल का. त्याला आवडणार नव्हतं. विभागप्रमुख कोड लिहीत नाही. तो बैठकांना जातो, बजेट मागतो आणि अधूनमधून कुणाला तरी कामावरून कमी करतो. नवऱ्याला कोडच लिहायचा होता. तरीही तो हसला, "छान आहे कल्पना, विचार करतो," म्हणाला आणि जागेवर येऊन बसला.

वरिष्ठाला तोंडावर नकार द्यायचा नाही, त्याने तो आपणहून ओळखायचा, अशा समजुतीत तो पुण्यात वाढला. संचालक डच, शब्द जसाच्या तसा घेणारे. त्यांनी त्याच आठवड्यात त्याचं नाव नेतृत्व प्रशिक्षणात घातलं.

"अरे, मग आता तरी सांग नको म्हणून," मी म्हटलं.

"आता कसं सांगू? किती आनंदाने सांगत होते ते."

"मग करणार काय?"

"नापास होतो. म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

तोपर्यंत तो कशातही नापास झालेला नव्हता. या कामाचा त्याला काहीच अनुभव नव्हता.

प्रशिक्षण वाखनिंगन गावाबाहेरच्या एका जुन्या शेतघरात होतं. वेगवेगळ्या कंपन्यांतले प्रोग्रामर आले होते. सगळेच अधिकारी होण्याच्या बेतात होते. दुपारी ब्रेड, चीज आणि ताक मिळे. नवरा पोळी-भाजीचा डबा नेई.

पहिल्या सत्रात एक नट बोलावला होता. अशा प्रशिक्षणांत इथे नट बोलावतात. त्याने चिडलेल्या कर्मचाऱ्याची भूमिका करायची आणि प्रशिक्षणार्थीने त्याच्याशी बोलायचं. बाकीच्यांनी त्याला उपाय सुचवले, आकडे दाखवले. नवऱ्याने बेतानुसार काहीच केलं नाही. तो गप्प बसून राहिला. नट आधी ओरडला, मग थांबला, मग त्याचे डोळे भरून आले आणि शेवटी आपली अडचण त्याने आपणच सोडवली. प्रशिक्षक बाईंनी इतरांना सांगितलं, "बघा, समोरच्याला जागा देणं म्हणजे हे."

पुढच्या सत्रात घोडा होता. दोरी न लावता घोड्याला आपल्या मागे चालायला लावायचं, हा इथे मान्यता पावलेला अभ्यास आहे. एकाने शीळ घातली, एकाने आज्ञा दिली, एकाने गवत दाखवलं. घोडा जागचा हलला नाही. नवऱ्याला घोड्याची भीती वाटते. तो लांबच उभा राहिला, खिशात हात घातले आणि पुरेसं नापास झालो असं वाटल्यावर वळून फाटकाकडे चालू लागला. घोडा त्याच्या मागे निघाला. तो भरभर चालू लागला. घोडाही.

"नैसर्गिक अधिकार," प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

"पळत होतो मी," नवऱ्याने घरी आल्यावर सांगितलं.

मग कंपनीचा ईमेल आला. शेवटच्या सत्राला संचालक स्वतः येणार होते. प्रत्येकाने आपण कसा अधिकारी होणार हे सर्वांसमोर सांगायचं आणि तिथेच नवऱ्याची नेमणूक जाहीर होणार. नापास होण्याची सोय उरली नव्हती.

इथे येण्यापूर्वी मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. नवऱ्याने लिहून आणलेल्या भाषणात आधी संचालकांचे आभार होते, मग कंपनीचं कौतुक, मग घोडा. नकार सगळ्यात शेवटी होता, तोही "कदाचित" लावून.

"हे सगळं काढ."

"घोडा राहू दे."

"घोडा आधी काढ."

शेवटी एक वाक्य उरलं. त्याने ते मोठ्याने वाचलं.

"उद्धट वाटतं गं."

"स्पष्ट वाटतं. आणि मला विभागप्रमुखाची बायको व्हायला काही हरकत नव्हती, हे ऐकून ठेव."

"अगं, मग आधी का नाही…"

"वाच परत."

पुढचं मला त्याने सांगितलं तसं लिहिते आहे. दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घेतलेली नाही.

सगळे गोल बसले होते. त्याची पाळी आली. तो म्हणाला, "मला हे पद नको आहे, मला कोड लिहायचा आहे."

संचालकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "हे मी वसंतात विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तुम्ही समोर होतात."

"आताही समोरच आहे."

"हो," नवरा म्हणाला. "म्हणूनच लिहून आणलंय."

प्रशिक्षक बाई पुढे सरसावल्या. वरिष्ठासमोर इतकं सरळ बोलणारा माणूस या गटात दुसरा नाही, आपल्या मते हेच नेतृत्व, असं त्या म्हणाल्या. इतरांनी माना डोलावल्या. संचालकांनी थोडा विचार केला आणि त्यांनाही ते पटलं.

"मग पुन्हा विचारतो," ते म्हणाले. "होतोस का विभागप्रमुख?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही लिहून दिलेलं नव्हतं. तो "नाही" म्हणाला. मग "सॉरी" म्हणाला. मग परत "नाही" म्हणाला.