फिडलला दाद

कॅनडातल्या रेजिनातले आमचे एक काका दर रविवारी दुपारी वेस्टर्न स्विंग ऐकायला जातात. काउबॉय हॅट घालून फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि स्टील गिटारवर जॅझ वाजवायचं आणि लोकांना नाचवायचं, असा तो प्रकार. बँड एकच, हॉल एकच आणि काकांची पहिल्या रांगेतली खुर्चीही एकच. बाकीची मंडळी नाचतात. काका मांडीवर ताल धरतात आणि एखादी जागा आवडली की हात उंचावून "क्या बात है!" असं ओरडतात. सुरुवातीला बँडवाले दचकायचे म्हणे. आता दाद आली नाही तर तेच काकांकडे बघतात.

विंटरमध्ये गाडी चालवायला काकांना त्यांच्या मुलीने बंदी केल्यामुळे मी त्यांचा ड्रायव्हर. "तू फक्त गाडी चालव, संगीतावर बोलू नकोस," ही त्यांची अट.

गेल्या रविवारी म्हातारा फिडलवाला सोलोमध्ये भरकटला. नाचणारे अडखळले, त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात काका गरजले, "वा! वन्स मोअर!" तो गोंधळला, मग हसला. तीच चूक त्याने मुद्दाम पुन्हा वाजवली आणि तिथून झोकात मूळ चालीवर आला. हॉलभर टाळ्या पडल्या.

परतताना अट मोडून मी म्हटलं, "काका, तो चक्क चुकला होता."

"मला सांगतोस? पंचवीस वर्षं ऐकतोय त्याला."

"मग दाद कशाला दिलीत?"

काका खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "फिडल खाली ठेवायला निघाला होता रे तो. मग पुढच्या रविवारी मी जाऊ कुठे?"